धूर निवळेपर्यंत थांबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेहुण्यांनी येताना विमानतळावरून लाफ्रॉइग या स्कॉच व्हिस्कीची १० वर्षांची बाटली आणली, तुम्ही हौसेनं उघडली, आणि पहिल्याच घोटाला दवाखाना आठवला. डेटॉल, जळका दोर, विझवलेला कोळसा. आजवर ग्लेनफिडिक आणि ग्लेनलिव्हेट आवडीनं प्यायलात, मग हिच्याशीच का जमत नाही? जमवून घ्यावं का? आणि घ्यायचं तर पाण्यात, बर्फात, की तशीच?

मी गेली सतरा वर्षं मुंबई-पुण्यात व्हिस्की चाखण्याच्या बैठका घेते. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बैठकीत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर, मग कारणं. तुम्हाला आलेला वास अगदी बरोबर आहे. नाक नीट काम करतंय, बाटलीही चांगली आहे. चुकली ती वेळ. ओतल्यावर दोन मिनिटांत पहिला घोट घेतला असणार आणि पाचव्या मिनिटाला ग्लास बाजूला सारला असणार. या व्हिस्कीला किमान वीस मिनिटं द्यावी लागतात. चुलीवर भाकऱ्या चालू असलेल्या घरात शिरलं की आधी धूर डोळ्यांत जातो, दुसरं काही कळतच नाही. जरा टेकलं की नाक धुराला सरावतं, मग भाकरीचा खरपूस वास येतो, मग शेजारच्या कालवणाचा. भाकरी काही नंतर आलेली नसते. पीट नावाच्या जळणाच्या धुराची व्हिस्की पिताना अगदी हेच घडतं. नाक सगळ्यात आधी धूर पकडतं, आणि सगळ्यात आधी कंटाळतं तेही धुरालाच. तो कंटाळा येईपर्यंत थांबायचं. पुढे जे काही सांगणार आहे ते या थांबण्याला मदत म्हणून.

हा धूर येतो कुठून ते कळलं की निम्मी भीड जाते. व्हिस्कीसाठी जव भिजवतात, मोड आणतात आणि मोड फार वाढायच्या आत वाळवतात. आपण नाचणीचं सत्त्व करताना हेच करतो. फक्त आपल्याकडे वाळवायला ऊन आहे. लाफ्रॉइग बनते ते आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं बेट. तिथे उन्हाचा भरवसा नाही, झाडं थोडी, दगडी कोळसा बाहेरून आणायचा. हाताशी मुबलक होतं ते पीट: दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत, दबत गेलेलं शेवाळ, गवत आणि हेदरची झुडपं. पीटचा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर खणलं की तुम्ही हजारेक वर्षं मागे गेलात. वसंतात लांब पात्याच्या फावड्यानं त्याच्या विटा कापतात, माळावर वाळवतात आणि भट्टीत घालतात. त्या भडकत नाहीत, धुमसतात. मोड आलेलं धान्य ओलसर असतं तोवरच त्याच्या सालीला हा धूर नीट चिकटतो, म्हणून धुरी वाळवणीच्या सुरुवातीलाच देतात. आयलाला मी नुकती कापलेली वीट हातात घेऊन हुंगली होती. ओल्या मातीखेरीज तिला वासच नव्हता. जळल्याशिवाय पीट बोलत नाही.

त्या धुरातून धान्यात जे उतरतं त्याला फिनॉल कुळातली संयुगं म्हणतात. त्यांतलं ग्वायकॉल लाकडाच्या धुराची आठवण करून देतं आणि क्रेसॉल दवाखान्याची. यामागे एक इतिहास आहे आणि तो मला फार आवडतो. १८६५ साली ग्लासगोच्या रुग्णालयात जोसेफ लिस्टर या शल्यविशारदानं उघड्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड लावून ती सडण्यापासून वाचवली. कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉलच. तिथून पुढे कित्येक पिढ्या रुग्णालय म्हटलं की हाच वास. फरशी पुसायचं काळं फिनेल, आपल्या लहानपणचा लाल लाइफबॉय, डेटॉल, सगळी याच कुळातली. म्हणजे लाफ्रॉइगमध्ये दवाखाना शिरलेला नाही. एकाच घराण्यातला वास एकीकडे चुलीत गेला आणि दुसरीकडे जखमेवर. आयलाच्या म्हाताऱ्या माणसाला तो घरच्या शेकोटीचा वाटतो, तुम्हाला इंजेक्शनच्या रांगेचा. एका बैठकीत वेंगुर्ल्याच्या एका ताईंनी हीच व्हिस्की हुंगली आणि म्हणाल्या, हा तर आमच्या आजीच्या स्वयंपाकघराचा वास, पावसाळ्यात चुलीवर सुकी मासळी टांगलेली असायची तेव्हाचा. त्यांना पहिल्या घोटापासून ती आवडली. आवडनिवड जिभेवर कमी आणि आठवणीवर जास्त ठरते, आणि आठवण नवी करता येते.

तरी हेही सांगायला हवं की तुमच्या हाती पहिलीच बाटली आली ती या घराण्यातली सर्वांत हट्टी. लाफ्रॉइग १८१५ पासूनची. आजही आपल्या गरजेतला काही मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, ती स्वतःच्या जमिनीवर पसरून, स्वतःच्या पीटवर धुरावते. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात सुरुवातीला जे फळांसारखं, हलकं, सुगंधी मद्य उतरतं त्यातलं बरंचसं ती बाजूला काढते आणि पिंपात भरायचा मधला भाग उशिरा धरायला घेते. फिनॉल उतरतात ते उत्तरार्धातच. त्यामुळे तुमच्या ग्लासात फळ कमी आणि औषध जास्त. तुम्हाला सवय ग्लेनलिव्हेटच्या पेअर-सफरचंदाची. पायऱ्या न चढता एकदम गच्चीवर पोचल्यासारखं झालं, दम लागणारच.

दुकानदार पीपीएमचा आकडा सांगतात, त्यावर फार जाऊ नका. दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग, हे तो आकडा सांगतो. पण मोजलेलं असतं ते धुरावलेल्या धान्यात, बाटलीत नाही. आयलावरच्याच व्हिस्कींचे आकडे पाहा: लाफ्रॉइग ४०-४५, लागावूलिन ३५च्या आसपास, आर्डबेग ५०च्या वर, बोमोर २५च्या घरात. दळणं, आंबवणं, ऊर्ध्वपातन आणि मग पिंपातली वर्षं, प्रत्येक टप्प्यावर त्यातलं बरंच गळतं. कल ईला आणि लागावूलिन या दोघींचा मॉल्ट एकाच ठिकाणचा, पोर्ट एलनच्या मॉल्टघरातला, धूरही जवळजवळ सारखाच. तरी लागावूलिन जाड, गोडसर, लॅपसँग या धुरी दिलेल्या कडक चहासारखी. आणि कल ईला लिंबाच्या सालीसारखी स्वच्छ, हलकी. फरक पडतो तो तांब्याच्या भट्ट्यांचा आकार, त्या किती भरायच्या आणि किती सावकाश चालवायच्या यानं. ब्रुकलाडीची ऑक्टोमोर तर ३००च्या पुढेही गेलेली आहे, पण जिभेवर ती लाफ्रॉइगच्या सातपट धुरकट अजिबात लागत नाही.

आता प्रत्यक्ष चाखणं. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न हा खास व्हिस्कीचा ग्लास असेल तर उत्तम, वाइनचा छोटा ग्लासही चालेल. स्टीलचा पेला आणि रुंद तोंडाचा टंबलर आज नको. ३० मिलिलिटर ओता आणि ग्लास हातभर अंतरावर टेबलावर ठेवून द्या. दहा मिनिटं त्याला हात लावायचा नाही. खोलीत उदबत्ती, अत्तर, फोडणी यांपैकी काही नको. नंतर ग्लास हनुवटीशी आणा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि साधा श्वास घ्या. नाक ग्लासात खुपसून जोरात ओढलंत तर अल्कोहोल नाकाला बधिर करतं आणि मग पाच मिनिटं काहीच कळत नाही. दोन श्वास, मग ग्लास खाली. पुन्हा दोन श्वास. तिसऱ्या-चौथ्या वेळी धुराच्या बाजूनं काहीतरी गोड डोकावतं. लाफ्रॉइग बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत मुरते, त्या लाकडातून व्हॅनिलाची गोडी येते. धुरामागे तीच शोधायची आहे.

पहिला घोट चमचाभराएवढाच. तो चवीसाठी नाही, तोंडाला ओळख व्हावी म्हणून. भाजेल, भाजू द्या. दुसरा घोट दोन मिनिटांनी, आणि तो जिभेवरून सगळीकडे फिरवून दहा-बारा सेकंद धरून ठेवायचा. गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. खरी चव इथे कळते, घोट गेल्यानंतर: आधी राख, मग समुद्रकाठच्या ओल्या दोराचा खारटपणा, आणि त्यानंतर, अगदी शेवटी, भाजलेल्या जवाची गोडी. ही शेवटची गोडी एकदा सापडली की ती दर वेळी सापडते. माझ्या अनुभवात लोकांचं मत बदलतं ते याच क्षणी. चेहऱ्यावर दिसतं, भुवया जरा वर जातात आणि माणूस गप्प होतो.

पाण्याबद्दल. घालावंच, पण कशासाठी ते समजून. पाणी घातलं की धूर कमी होतो असा समज आहे. २०१७ साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोन संशोधकांनी ग्वायकॉलचा अभ्यास संगणकावर केला. त्यात दिसलं की मद्यातलं अल्कोहोल ४५ टक्के किंवा त्याखाली असलं की ग्वायकॉल अल्कोहोलसोबत पृष्ठभागाशी राहतो, आणि ५९ टक्क्यांच्या वर गेलं की आत ओढला जातो. म्हणजे कडक व्हिस्कीत पाण्याचे थेंब पडले तर धुराचा वास आधी वाढू शकतो. बैठकांत हे मी पुनःपुन्हा पाहिलंय: चमचाभर पाणी, वास उसळतो, आणि पाच-सहा मिनिटांनी सगळं मोकळं, गोलसर होतं. म्हणून पाणी घातल्यावरही पुन्हा थांबा. चहाच्या चमच्यानं मोजून घाला. अर्धा ग्लास पाणी ओतलंत तर उरेल फक्त ओली राख.

एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडत नाही आणि आपल्यासाठी ती सगळ्यात महत्त्वाची आहे. चाखण्याचा सल्ला ‘खोलीच्या तापमानाला’ असा असतो, पण ती खोली स्कॉटलंडमधली, १८-२० अंशांची. मे महिन्यात डोंबिवलीच्या खोलीत ३२ अंश असतात. त्या उष्णतेत अल्कोहोल भराभर उडतं, नाकाला चटका बसतो आणि धुरातलं औषधी अंग सगळ्यात पुढे येतं. तुमची पहिली संध्याकाळ बिघडली त्यात याचाही वाटा असणार. बाटली पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, किंवा माठातलं गार पाणी चमचाभर घाला. तळव्यात ग्लास धरून ऊब देण्याची पद्धत आपल्या हवेत सोडून द्या. ग्लास बुडाशी धरा. बर्फ वर्ज्य नाही. मोठा एकच खडा घातला तर धूर मवाळ होतो, पण मागची गोडीही जिभेला लागत नाही. ओळख व्हायच्या दिवसांत बर्फ नको, एवढंच माझं म्हणणं. ओळख झाल्यावर उकाड्यात टॅलिस्कर (ही धुरकट व्हिस्की पुढे येईलच), गार सोडा आणि वर जाडसर कुटलेली काळी मिरी घेऊन पाहा.

आता पायऱ्या. तुम्हाला वाटतं धुराची ही पहिलीच भेट, तर ती पहिली नाही. टीचर्स कधीतरी प्यायला असालच. तिचा कणा म्हणजे आर्डमोर, टीचर्स कुटुंबानं १८९८ साली बांधलेली स्कॉटलंडच्या हायलँड भागातली डिस्टिलरी, आणि आर्डमोरचा मॉल्ट पारंपरिकपणे पीटवर धुरावलेला. ब्लॅक लेबलच्या शेवटी जी धुराची रेघ राहते ती मुख्यत्वे कल ईलाची. एका संध्याकाळी ब्लॅक लेबल आणि लाफ्रॉइग शेजारी-शेजारी ठेवा, प्रत्येकी १५ मिलिलिटर. ब्लॅक लेबल आधी. आजवर ज्याकडे लक्ष दिलं नाही तो धूर तिच्यात आता स्पष्ट कळेल, आणि मग लाफ्रॉइग परकी वाटणार नाही. क्रम मात्र उलटा करू नका. मी पहिल्या वर्षी एका बैठकीत आयलाची व्हिस्की मध्ये ठेवली आणि स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, धूर नसलेली एक सुरेख जुनी बाटली तिच्यानंतर. त्या बाटलीची चव कुणालाही कळली नाही. तेव्हापासून धूर नेहमी शेवटी.

नवी बाटली घ्यायची झाली, तर मी तुम्हाला बोमोर १२ किंवा टॅलिस्कर १० सुचवेन. बोमोरमध्ये धूर मधाआड असतो. टॅलिस्कर स्काय बेटावरची, ४५.८ टक्क्यांची, मिरीसारखी झणझणीत, पण दवाखाना तिच्यात जवळपास नाही. ऑर्कनी बेटांवरच्या हायलँड पार्कचं पीट हॉबिस्टर माळावरचं, हेदरनं भरलेलं. तिचा धूर फुलांच्या अंगानं जातो. आपल्या जवळचं काही हवं असेल तर गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन बोल्ड पाहा. तिला धुरी दिलेली आहे आयलाच्या पीटची, पण जव भारतीय आणि पिंपं गोव्याच्या उष्ण-दमट हवेत मुरलेली. स्कॉटलंडमध्ये वर्षाला पिंपातून साधारण २ टक्के मद्य उडून जातं. गोव्यात त्याच्या कितीतरी पट. म्हणून ती लवकर पिकते आणि धुराबरोबर काकवीसारखी दाट गोडी येते. मराठी जिभेला ही गोडी ओळखीची असते. आयला म्हणजे धूरच असंही समजू नका. बुनाहाव्हन ही तिथलीच, आणि तिची नेहमीची १२ वर्षांची व्हिस्की धुराविना असते.

सोबत काय खावं? तिखट नको. हिरव्या मिरचीनं जीभ पेटली की अल्कोहोल दुप्पट भाजतं. चकणा म्हणून मसाला शेंगदाण्यांऐवजी साधे खारे दाणे ठेवा. मीठ आणि लिंबू लावून तळलेला बोंबील सुरेख जातो. आयलावर बोमोरचे चार थेंब ऑयस्टरवर टाकून खातात, त्यामागे हीच जोडी आहे, मीठ आणि धूर. आणि एक गोष्ट मी अगदी मनापासून सांगते: गुळाची शेंगदाणा चिक्की. तुकडा आधी चावून संपवा, मग घोट घ्या. गुळाचा करपलेला कडा आणि पीट एकमेकांना असे भेटतात की बैठकीत दर वेळी चिक्की आधी संपते.

जमवून घ्यावंच का, याचं उत्तर मी सरळ देते. तीन वेगळ्या आठवड्यांत तीन संध्याकाळी, दर वेळी ३० मिलिलिटर, वर सांगितल्याप्रमाणे. तीनदाही ती शेवटची गोडी सापडली नाही तर सोडून द्या आणि मनात काही ठेवू नका. काही जणांना फिनॉल खरोखरच कडू लागतात. त्यांनी जबरदस्तीनं प्यावं असं मला कधीच वाटलं नाही. मग बाटलीचं काय? २००५ साली न्यूयॉर्कच्या एका बारमध्ये सॅम रॉस यांनी पेनिसिलिन नावाचं कॉकटेल बनवलं: साधी ब्लेंडेड स्कॉच, लिंबू, मध, आलं, आणि वरून चमचाभर आयला व्हिस्की. आलं-मध-लिंबू म्हणजे आपला सर्दीचा काढाच. वर तरंगणारा तो धूर घोट घेण्याआधी नाकाशी येतो. लाफ्रॉइगशी न पटलेल्या कितीतरी लोकांना मी या वाटेनं आणलंय.

बाटलीबद्दल एक शेवटचं. तुमच्या बाटलीतून एक-दोन पेगच गेलेत. आता तिच्यात थोडी हवा शिरली आहे. बूच घट्ट लावून ती अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा. आडवी नको, अल्कोहोल बुचाला खातं. दोन महिन्यांत पहिला टोकदार वास बराच निवतो. अर्ध्यावर आलेली बाटली नुकत्या उघडलेल्या बाटलीपेक्षा मवाळ लागते, हे मी एकाच व्हिस्कीच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून अनेकांना दाखवलंय. पिंपातही तसंच होतं. वय वाढतं तसा धूर मागे सरतो. पाव बाटली उरली की मात्र फार दिवस ठेवू नका, तेव्हा धुराबरोबर बाकीचंही जायला लागतं.

आणि त्या रात्री ग्लास धुऊ नका. तसाच टेबलावर राहू द्या. सकाळी चहाच्या आधी, तोंडात काही गेलेलं नसताना, तो रिकामा ग्लास उचलून हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, दवाखाना रात्रीतच निघून गेलेला असतो. तळाशी उरतो विझलेल्या चुलीचा वास, आणि त्यात भाजलेलं, गोड धान्य.